आरशाविना: रेंजफाइंडरच्या छोट्या वाइड-अँगल भिंगांचा इतिहास

१

‘दृष्टिकोन’ हा शब्द मराठी समीक्षेत इतका रुळला आहे की त्यातला ‘कोन’ आता कुणाच्या लक्षातही येत नाही. लेखकाचा दृष्टिकोन, निवेदकाचा दृष्टिकोन असे आपण सहज म्हणतो आणि पुढे जातो. छायाचित्रकाराला मात्र हा कोन अंशांत मोजावा लागतो. २४ × ३६ मिमीच्या नेहमीच्या फिल्मचौकटीवर ५० मिमी नाभीय अंतराचे भिंग कर्णरेषेत सुमारे ४७ अंशांचे जग टिपते. २८ मिमीचे भिंग ७५ अंश, २१ मिमीचे ९२ अंश आणि १५ मिमीचे तब्बल ११० अंश. किती जग चौकटीत घ्यायचे, हा प्रश्न इथे रूपक म्हणून उरत नाही. तो काचेचा, अंतराचा आणि वजनाचा प्रश्न होतो.

या लेखात आम्ही एका वरकरणी क्षुल्लक वस्तूचा इतिहास पाहणार आहोत. ही वस्तू म्हणजे रेंजफाइंडर जातीच्या फिल्म कॅमेऱ्यांसाठी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नव्याने घडवली गेलेली, मुठीत मावणारी वाइड-अँगल भिंगे. साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे का वळावे, असा प्रश्न साहजिकच पडेल. आमचे उत्तर असे की वाङ्मयेतिहास शिकवताना आपण बहुतेक वेळा शिडीची कल्पना गृहीत धरतो. एक प्रकार येतो, आधीचा मागे पडतो. नवा येतो, तो जुन्याची जागा घेतो. तंत्राच्या इतिहासात तर ही शिडी अधिकच पक्की मानली जाते. पण ही भिंगे त्या शिडीवर कुठेच बसत नाहीत. ज्या कॅमेऱ्यासाठी ती घडवली गेली, तो व्यावसायिक जगातून चार दशकांपूर्वीच मागे पडला होता. मग मेलेल्या म्हणून गणल्या गेलेल्या यंत्रासाठी नवे भिंग का घडवावेसे वाटले? केवळ स्मरणरंजन म्हणून या प्रश्नाची बोळवण करता येत नाही, असे आमचे म्हणणे आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२

जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ ही सूक्ष्मदर्शक बनवणारी कंपनी. तिथे काम करणाऱ्या ऑस्कर बारनाक यांनी १९१३-१४ च्या सुमारास चित्रपटाची फिल्म वापरणारा एक लहान कॅमेरा तयार केला. चित्रपटाच्या चौकटीची दुप्पट करून त्यांनी २४ × ३६ मिमीची चौकट घेतली. दम्याच्या त्रासामुळे जड कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या घेऊन डोंगर चढणे त्यांना जड जाई, ही या लहानपणामागची प्रेरणा सर्वश्रुत आहे. महायुद्धामुळे काम लांबले आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत-मेळ्यात हा कॅमेरा ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला. १९३० पासून त्याची भिंगे बदलता येऊ लागली आणि त्याच सुमारास ३५ मिमीचे एल्मार हे भिंग निघाले. १९३२ मध्ये ‘लायका टू’मध्ये भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर आला. १९३५ मध्ये २८ मिमीचे हेक्टर आले.

रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजणारी योजना. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एकमेकांपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा डोळ्यापुढे एकावर एक पडतात. भिंग फिरवत गेले की त्या सरकतात आणि जुळल्या की त्या वस्तूचे अंतर साधले, असे समजायचे. आमच्या दृष्टीने इथे महत्त्वाची गोष्ट एकच आहे. या कॅमेऱ्यात छायाचित्रकाराचा डोळा एका खिडकीतून पाहतो आणि भिंग दुसरीकडून. भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये पडद्याखेरीज काहीच नसते. त्यामुळे भिंगाची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते.

ही मोकळीक वाइड-अँगल भिंगाला विशेष मानवते. कोन जितका रुंद, तितके नाभीय अंतर कमी; आणि साधी रचना ठेवायची तर भिंग फिल्मजवळ बसायला हवे. शिवाय अशा भिंगाची रचना सममित ठेवता येते. मधल्या छिद्राच्या पुढे आणि मागे काचांचे जवळपास सारखे गट ठेवले की पुढच्या गटाचे काही दोष मागचा गट भरून काढतो. विशेषतः सरळ रेषा सरळच राहते. भिंत फुगत नाही, खांब वाकत नाही.

या रचनेचा मोठा विकास झाला तो नकाशांच्या कामासाठी. विमानातून जमिनीची छायाचित्रे घेऊन त्यांवरून नकाशे काढायचे, तर एका चित्रात शक्य तितकी जमीन मावली पाहिजे आणि रेषा मात्र तसूभरही वाकता कामा नये. यात आणखी एक अडचण होती. साध्या भिंगात कडेला जाणारा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. मध्यापासून ४५ अंशांवर, म्हणजे २१ मिमीच्या भिंगाच्या कोपऱ्याच्या आसपास, मध्याच्या एक-चतुर्थांशच प्रकाश पोहोचतो. ११० अंशांच्या भिंगाच्या कोपऱ्यात तर जेमतेम एक-दशांश. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल रुसिनोव यांनी १९४० च्या दशकात दोन्ही टोकांना बाहेरून फुगीर, आतून खोल अशा मोठ्या अपसारी काचा बसवून ही घट कमी करण्याचा मार्ग काढला. त्याच वाटेने जाऊन लुडविग बेर्टेले यांनी स्वित्झर्लंडमधील विल्ड कंपनीच्या हवाई कॅमेऱ्यांसाठी अव्हिओगॉन रचले आणि पुढे त्साइससाठी नवे बायोगॉन. १९५४ मध्ये २१ मिमी एफ/४.५ बायोगॉन कॉन्टॅक्स या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी बाजारात आले. १९५८ मध्ये लायकासाठी श्नायडरचे २१ मिमी सुपर-अँग्युलॉन आले आणि रुसिनोव यांचे २० मिमीचे रुसारही त्याच सुमाराचे. अशा रीतीने जमीन मोजणाऱ्यांची दृष्टी रस्त्यावर हिंडणाऱ्या माणसाच्या खिशात आली.

३

याच वर्षांत या कॅमेऱ्याचा प्रतिस्पर्धीही वयात येत होता. एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा असतो. भिंगातून आलेली प्रतिमा तो वर डोळ्याकडे पाठवतो आणि छायाचित्र घेताना क्षणभर बाजूला होतो. भिंगाला जे दिसते तेच डोळ्याला दिसते, हा त्याचा मोठा गुण. लांब पल्ल्याची भिंगे, अगदी जवळची छायाचित्रे, नेमकी चौकट या साऱ्यांत तो सरस होता. १९५९ मध्ये ‘निकॉन एफ’ आला आणि पुढच्या दशकभरात वृत्तछायाचित्रकार मोठ्या संख्येने त्याच्याकडे वळले.

पण आरशाला हलायला जागा लागते. लायका-एम कॅमेऱ्यात भिंग बसते ती कडी फिल्मपासून २७.८ मिमीवर असते आणि भिंगाची शेपटी तिच्याही आत जाऊ शकते. निकॉन एफमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे आणि आतल्या जागेत आरसा फिरतो. मग २१ मिमी नाभीय अंतराचे सममित भिंग तिथे बसणार कसे?

यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग आज वाचताना गंमतीचा वाटतो. निकॉनने आपले सममित रचनेचे २१ मिमी एफ/४ भिंग नव्या एसएलआरलाही देऊ केले. मात्र ते लावण्यापूर्वी आरसा वर उचलून अडकवून ठेवायचा आणि माथ्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवायचा. म्हणजे ज्या गुणासाठी तो कॅमेरा घेतला, तोच गुण बाजूला ठेवायचा. स्वीडनच्या हासेलब्लाड कंपनीने तर १९५४ मध्ये ३८ मिमीच्या एका बायोगॉनसाठी बिनआरशाचा स्वतंत्र कॅमेराच काढला. आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नावाजलेल्या कंपनीला एका भिंगाखातर आरसा सोडावा लागला.

दुसरा मार्ग टिकला. फ्रान्समध्ये पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ३५ मिमीचे ‘रेट्रोफोकस’ भिंग आणले. पुढे मोठा अपसारी काचगट ठेवून प्रतिमा मागे ढकलायची, म्हणजे नाभीय अंतर कमी असूनही भिंग फिल्मपासून दूर राहू शकते. आरशाला जागा मिळाली. त्याची किंमत म्हणजे भिंग लांब आणि जड झाले, पुढची काच मोठी झाली, सममिती गेली आणि सरळ रेषा सरळ ठेवण्यासाठी जास्तीच्या काचा घालाव्या लागल्या. न्याय्यपणे हेही सांगायला हवे की या रचनेत कोपऱ्यांना प्रकाश अधिक सारखा मिळतो आणि पुढच्या काळात अशी कितीतरी उत्तम भिंगे बनली. पण लहानपण मात्र हरवले.

एसएलआर जिंकला तेव्हा जुने सारे नव्यात सामावले गेले, असे समजले गेले. वस्तुस्थिती अशी होती की एक विशिष्ट क्षमता हरलेल्याकडेच राहिली होती. ती हस्तांतरित होण्यासारखी नव्हती, कारण ती भिंगात नसून भिंगामागच्या मोकळ्या जागेत होती.

याचा आणखी एक पुरावा लायकाच्या घरातच मिळतो. १९७० च्या दशकात रेंजफाइंडरमध्येही भिंगातून आलेला प्रकाश मोजणारे मीटर आले. सुपर-अँग्युलॉनची मागची काच इतकी आत जाई की मीटरचे काम बिघडे. १९८० मध्ये लायकाने २१ मिमीचे नवे एल्मारिट आणले ते रेट्रोफोकस रचनेचे. आरसा नसतानाही जागा सोडावी लागली. भिंगाचा घाट पुढच्या दृश्यावर ठरतो असे आपल्याला वाटते. तो बराचसा मागे काय ठेवले आहे यावर ठरतो.

४

या भिंगांनी पाहण्यात काय बदलले, हे समजायला साधे गणित पुरते. आडव्या चौकटीत उभा माणूस डोक्यापासून पायांपर्यंत पुरेपूर बसवायचा असेल, तर ५० मिमीच्या भिंगाने साडेतीन मीटरवर उभे राहावे लागते. २८ मिमीने दोन मीटरवर आणि १५ मिमीने जेमतेम एक मीटरवर. साडेतीन मीटरवरून आपण पाहणारे असतो. एका मीटरवर आपण त्या प्रसंगात शिरलेलो असतो.

दुसरे गणित स्पष्टतेचे. छिद्र एफ/८ वर ठेवले तर ५० मिमीच्या भिंगाने जास्तीत जास्त साधायचे म्हटले तरी सुमारे पाच मीटरपासून पुढचेच सारे समाधानकारक स्पष्ट येते. २८ मिमीने सुमारे १.६ मीटरपासून अनंतापर्यंत आणि १५ मिमीने अर्ध्या मीटरपासून. म्हणजे अंतर जुळवत बसण्याची गरजच उरत नाही. भिंगावर एकदा खूण लावली की नजर मोकळी. शिवाय रेंजफाइंडरच्या खिडकीत चौकट केवळ उजळ रेघांनी दाखवलेली असते आणि रेघांबाहेरचेही थोडे जग दिसत राहते. चौकटीत आता कोण येणार आहे, हे आधीच कळते.

ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचे बहुतेक काम ५० मिमीच्या भिंगाचे. त्यांच्या चौकटीत जग थोड्या अंतरावर, सावरलेले असते. त्यांच्यानंतरच्या पिढीतील न्यूयॉर्कचे गॅरी विनोग्रँड मुख्यतः २८ मिमीचे भिंग लायकावर लावून गर्दीत चालत. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन शारकोव्स्की यांनी भरवलेल्या ‘न्यू डॉक्युमेंट्स’ प्रदर्शनात डायन आर्बस आणि ली फ्रीडलँडर यांच्यासोबत त्यांची चित्रे होती. विनोग्रँड यांच्या चौकटीत एका वेळी चार-पाच गोष्टी घडत असतात, क्षितिज कललेले असते आणि मुख्य पात्र कोण हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुतलेही गेले नव्हते. इतक्या वेगाने पाहणारा डोळा आणि अंतर जुळवण्याच्या कामातून मुक्त झालेले भिंग यांचा संबंध उघड आहे.

कॅमेऱ्याच्या खिडकीचाही इतिहास या दिशेनेच जातो. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये सर्वांत रुंद चौकट ५० मिमीची होती. १९५७-५८ च्या एम-२ मध्ये ३५ मिमीची आली, १९८० च्या सुमारास एम-४पीमध्ये २८ मिमीची. ‘नेहमीचे’ पाहणे किती रुंद मानायचे, याची व्याख्या हळूहळू पसरत गेली.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. सरळ रेषा सरळ ठेवणारे भिंग कडेच्या गोल वस्तू ताणते. २१ मिमीच्या चौकटीच्या अगदी कोपऱ्यात आलेला गोल चेहरा बाहेरच्या दिशेने जवळजवळ दीडपट लांबतो. याला भिंगाचा दोष म्हणता येत नाही, कारण ती भूमितीच आहे. सपाट कागदावर इतका रुंद कोन उतरवायचा तर भिंत सरळ राहील किंवा चेहरा गोल राहील. दोन्ही साधत नाही. नकाशासाठी घडवलेल्या भिंगाने भिंतीची बाजू घेतली आहे आणि किंमत कडेला उभ्या असलेल्या माणसाकडून वसूल केली आहे. त्या माणसाला बहुधा ठाऊकही नसते की तो चौकटीत आहे, कारण कॅमेऱ्याचे तोंड त्याच्याकडे नसतेच. व्यापक दृष्टीचा गौरव करताना कडेच्या माणसांचे काय झाले हे पाहण्याची सवय साहित्याच्या वाचकाला असावी, अशी आमची अपेक्षा आहे.

५

१९९० च्या दशकात रेंजफाइंडर म्हणजे महागडा लायका आणि बाजारातले जुने नमुने, एवढेच चित्र उरले होते. तेव्हा जपानमधून हालचाल सुरू झाली. १९९४ मध्ये क्योसेराने ‘कॉन्टॅक्स जी’ आणला. त्याच्यासाठी नवी बायोगॉन भिंगे आली. सोबत १६ मिमीचे होलोगॉनही आले. एर्हार्ड ग्लात्सेल यांचे मूळ १५ मिमीचे होलोगॉन १९६९ मधले. त्यात केवळ तीन काचा, छिद्र एफ/८ वर कायमचे ठरलेले आणि कोपऱ्यांतला अंधार भरून काढण्यासाठी मध्यभागी काळवलेला फिल्टर. १९९६ मध्ये रिकोने ‘जीआर-वन’ हा २८ मिमी भिंगाचा खिशातला कॅमेरा काढला आणि पुढच्याच वर्षी तेच भिंग लायकाच्या जुन्या ३९ मिमी आट्यांच्या कडीत बसवून मर्यादित संख्येने विकले.

खरी कलाटणी १९९९ ची. जपानच्या नागानो प्रांतातील कोसिना ही कंपनी तोवर मुख्यतः इतरांच्या नावाने कॅमेरे बनवून देत असे. तिचे प्रमुख हिरोफुमी कोबायाशी यांनी ‘फोक्टलेंडर’ हे नाव वापरण्याचा परवाना घेतला. १७५६ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेली, १८४० मध्ये पेत्सव्हाल यांचे प्रख्यात भिंग बनवणारी ही पेढी. जर्मनीतील तिचा कारखाना १९७० च्या दशकाच्या आरंभीच बंद पडला होता. त्या नावाखाली ‘बेसा-एल’ हा कॅमेरा आणि दोन भिंगे आली: १५ मिमी एफ/४.५ सुपर वाइड हेलिआर आणि २५ मिमी एफ/४ स्नॅपशॉट स्कोपार.

बेसा-एलला रेंजफाइंडर तर नव्हताच, व्ह्यूफाइंडरही नव्हता. फक्त पेटी, पडदा आणि प्रकाश मोजणारे मीटर. माथ्यावर भिंगाबरोबरचा वेगळा फाइंडर लावायचा आणि अंतर अंदाजाने ठरवायचे. स्कोपारला तर ठरावीक अंतरांवर खटके दिलेले होते, म्हणजे न पाहताही बोटांना अंतर कळावे. इतका उणा कॅमेरा काढण्याचे धाडस का झाले, ते वर दिलेल्या गणितावरून समजते. अर्ध्या मीटरपासून सारे स्पष्ट देणाऱ्या भिंगाला रेंजफाइंडर लागतो कशाला? आरसा नको आणि अंतरमापकही नको. उरते ते एवढेच, की भिंग फिल्मजवळ बसू द्या.

हेलिआरचे वजन सुमारे शंभर ग्रॅम होते. ११० अंशांचे, रेषा न वाकवणारे भिंग तोवर होलोगॉनसारख्या दुर्मीळ वस्तूतच मिळे. आता ते लायकाच्या भिंगांच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळू लागले आणि जुन्या आट्यांमुळे १९३२ च्या कॅमेऱ्यावरही बसू लागले. ‘हेलिआर’ हे नाव मात्र उसने होते. मूळ हेलिआर १९०० मधले, पाच काचांचे. नव्यात आठ काचा आणि रचना पूर्णतः वेगळी. जुन्या छंदाचे नाव नव्या कवितेला द्यावे, तसाच हा प्रकार.

त्यानंतर २१, २८ आणि ३५ मिमीची छोटी स्कोपार भिंगे आली, १२ मिमीचे हेलिआर आले. २००४ मध्ये त्साइसने कोसिनाच्या सहकार्याने नवा ‘त्साइस आयकॉन’ जाहीर केला. त्याच्या भिंगमालेत पुढे २१ मिमी एफ/४.५ सी-बायोगॉन दाखल झाले. ‘सी’ म्हणजे कॉम्पॅक्ट आणि क्लासिक, असे त्साइसचेच स्पष्टीकरण आहे. २००६-०७ च्या बेसा आर-४ मध्ये खिडकीतली सर्वांत रुंद चौकट २१ मिमीची होती. एम-३ पासून सुरू झालेली व्याख्या इथवर रुंदावली.

६

या पुनरुज्जीवनाचा काळ आणि डिजिटल कॅमेऱ्यांचा उदय एकच आहे. त्यामुळे खरी परीक्षा लवकरच आली. २००४ मध्ये एप्सनने कोसिनाच्या मदतीने पहिला डिजिटल रेंजफाइंडर ‘आर-डी१’ आणला, २००६ मध्ये लायकाचा एम-८ आला, २००९ मध्ये पूर्ण चौकटीचा एम-९. आरसा तर यांतही नव्हता. मग छोटी भिंगे इथे सुखाने नांदायला हवी होती.

तसे झाले नाही. फिल्मचा लेप पातळ असतो आणि बऱ्याच तिरप्या दिशेने आलेला प्रकाशही तो स्वीकारतो. सेन्सरवर मात्र फिल्टरची काच असते, तिच्याखाली सूक्ष्म भिंगे आणि त्यांच्याखाली प्रकाश टिपणारे कप्पे. सममित भिंगाच्या मागच्या काचेतून कोपऱ्याकडे जाणारे किरण इतके तिरपे असतात की कडेला रंग बदलतो, अंधार वाढतो आणि बारकावे विरघळतात. लायकाने सेन्सरच्या कडेची सूक्ष्म भिंगे सरकवून बसवली, भिंगांच्या कडीवर ओळखखुणा कोरल्या, म्हणजे कॅमेऱ्याला भिंग ओळखून रंग सुधारता यावा. तरीही सी-बायोगॉनसारखी भिंगे डिजिटल कॅमेऱ्यांवर रंगीत कडांसाठी प्रसिद्ध झाली. फिल्मवर मात्र त्यांच्यात खोट काढणे कठीण.

मग भिंगच बदलू लागले. १५ मिमीचे हेलिआर २०१५ मध्ये तिसऱ्या रूपात आले, ते सेन्सरचा विचार करून. आठ काचांच्या जागी अकरा, आणि वजन शंभर ग्रॅमवरून सुमारे अडीचशेवर. १९५० च्या दशकात आरशाने जे केले, तेच आता सेन्सरने केले.

या कथेतील उपरोध पुढेच आहे. २०१८ पासून निकॉन आणि कॅनन यांनी पूर्ण चौकटीचे बिनआरशाचे कॅमेरे आणले आणि ज्या आरशाने रेंजफाइंडरला हरवले, तो आरसाच कालबाह्य ठरू लागला. निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यांत भिंगाची कडी सेन्सरपासून केवळ १६ मिमीवर आहे. जागा परत मिळाली, पण छोटे सममित भिंग त्यामुळे परतले नाही, कारण मागे आता फिल्म नव्हती. शिडीच्या हिशेबात हे बसवता येत नाही. हरणारा आपल्या दुर्गुणामुळे हरला नव्हता आणि जिंकणाऱ्याचा गुणही कायमचा नव्हता.

आज ही भिंगे पुन्हा निघत आहेत. लायकाने १९५५ च्या २८ मिमी एफ/५.६ सुमारॉनची नवी आवृत्ती २०१६ मध्ये काढली. तिची लांबी दोन सेंटिमीटरांहूनही कमी. २०२२ मध्ये एम-६ हा फिल्म कॅमेरा पुन्हा बाजारात आला. कोसिनाने २०२३ मध्ये २८ मिमी एफ/२.८ कलर-स्कोपार दिले. जपानमधील सादायासु मियाझाकी यांच्या छोट्याशा कार्यशाळेतून ३५ मिमीचे तीन काचांचे ‘पेरार’ आले, जे कॅमेऱ्याच्या झाकणापेक्षा फारसे जाड नाही. चिनी कंपन्यांनी जुन्या सुमारॉन आणि सुमिक्रॉनच्या धर्तीवर भिंगे काढली आहेत.

या उत्साहात बाजाराचा वाटा नाही, असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. मर्यादित आवृत्त्या, पितळी चकाकी, संग्राहकांच्या कपाटात बंद राहणाऱ्या वस्तू हे सारे आहेच. १९९९ चे हेलिआर सामान्य छायाचित्रकाराला परवडावे म्हणून निघाले होते. नंतरच्या काही पुनरावृत्त्यांबद्दल तसे म्हणता येत नाही आणि फिल्म वापरणे हेही आता खर्चाचे काम झाले आहे. एखादा प्रकार अभिजात ठरला की तो महागतो, हेही साहित्यिकांना नवीन नाही. पण बाजार केवळ एवढेच सांगतो की वस्तू का विकली जाते. ती पुन्हा घडवता का आली, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. ते उत्तर भिंग आणि फिल्म यांच्यामधल्या त्या मोकळ्या जागेत आहे.

७

मुक्तछंद आला तेव्हा वृत्तांचे दिवस संपले, असे मराठीतही ठामपणे मानले गेले. मुक्तछंदाने जे साधले ते वृत्ताला साधणारे नव्हते, हे खरेच. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरेश भटांनी काटेकोर वृत्तात गझल लिहिली आणि ती हजारोंच्या ओठी बसली. त्यामागे काळाचे चाक उलटे फिरवण्याची हौस नव्हती. वृत्तात एक क्षमता उरलेली होती आणि मुक्तछंदाकडे ती हस्तांतरित झालेली नव्हती. अर्थात गझलेला सभागृह लागले, गळा लागला, ऐकणारा समुदाय लागला. छोट्या भिंगाला जशी मागे फिल्म लागते, तसा प्रत्येक घाटाला मागे कुणीतरी लागतो. तो नाहीसा झाला की घाट निरुपयोगी दिसू लागतो आणि आपण त्याला कालबाह्य म्हणतो.

या लहानशा वस्तूच्या इतिहासातून आम्ही एवढेच घेतले. एखादा प्रकार मागे पडला असे वर्गात सांगताना तीन प्रश्न जोडीला विचारावेत. तो जे करू शकत होता, ते आता कोण करते? कुणीच करत नसेल, तर ते काम अनावश्यक ठरले आहे, की आपण फक्त ते मोजणे सोडले आहे? आणि त्याच्या रुंद चौकटीचे कौतुक करताना, कडेला उभा असलेला, ताणला गेलेला तो माणूस आपल्याला दिसला का? यांतला तिसरा प्रश्न विसरला तर पहिल्या दोहोंची उत्तरे केवळ स्मरणरंजन ठरतील, अशी आम्हांस भीती वाटते.